डबा रिकामा झाला, आता पुढे?

पाहुणे येणार म्हणून आणलेला रसगुल्ल्यांचा डबा असो, आमरसाचा असो की कंडेन्स्ड मिल्कचा. संपला की त्याची रवानगी कचऱ्याच्या बादलीत होते. कापलेले झाकणही त्याच्या मागोमाग जाते. या झाकणाची कड ब्लेडसारखी धारदार असते. आपण ते जपून उचलतो, पण पुढे तोच कचरा हातांनी निवडणाऱ्या बाईचे काय?

ज्याला आपण टिनचा डबा म्हणतो, तो बहुधा पोलादी पत्र्याचा असतो. गंजू नये म्हणून त्यावर कथिलाचा अगदी पातळ थर दिलेला असतो. पोलाद पुनःपुन्हा वितळवून वापरता येते. म्हणूनच भंगारवाला हे डबे घेतो. फ्रिजच्या दारावरचे चुंबक लावून पाहा. चिकटले तर डबा पोलादी. शीतपेयांचे अ‍ॅल्युमिनियमचे कॅन चिकटत नाहीत. त्यांना भाव जास्त मिळतो, म्हणून ते वेगळे ठेवावेत.

डबा देण्यापूर्वी एवढे करा:

• भांडी विसळलेल्या पाण्यानेच डबा आतून धुवा. खरकटे राहिले तर वास सुटतो, मुंग्या-झुरळे येतात. कागदी लेबल काढून टाका.

• झाकण पूर्ण सुटले असेल तर ते डब्यातच टाका. मग डबा आडवा ठेवून बुटाच्या टाचेने तोंड चेपा, म्हणजे झाकण बाहेर येणार नाही.

• डबे कोरडे करून आडोशाला ठेवा. गच्चीत, अंगणात उघडे पडले तर त्यांत पावसाचे पाणी साचते आणि डेंग्यू पसरवणाऱ्या डासांची पैदास होते.

• महिन्याकाठी भंगारवाल्याला द्या किंवा सुक्या कचऱ्यात टाका.

उरलेला पदार्थ उघड्या डब्यात ठेवू नका, काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढा. फुगलेल्या डब्यातला पदार्थ चाखूनही पाहू नका. रिकाम्या डब्यात तुळस-पुदिना लावायचा असेल तर कड आधी कानशीने घासा आणि तळाला खिळ्याने भोके पाडा.

पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिचे नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. आपल्या घरातले हे डबेही त्या पत्र्यातच जमा होतात. ते वेचणाऱ्या हातांना कापू नये, एवढी काळजी आपण सहज घेऊ शकतो. घरकामाला येणाऱ्या बाईंनाही ही पद्धत एकदा दाखवून ठेवा.