शंभर दिवसांचा रोज

मोखाड्याकडच्या एका पाड्यावर काही वर्षांपूर्वी मी क्षमेवर प्रवचन केले. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला निर्दय चाकराचा दाखला घेतला होता. राजाने ज्याचे दहा हजार तलांतांचे कर्ज सोडून दिले, तोच चाकर शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. मी ओघात बोलून गेलो, ‘शंभर दीनार म्हणजे काय, चिल्लर!’ प्रवचन संपल्यावर कुडाला टेकून बसलेल्या एका आजीने विचारले, ‘दीनार म्हणजे किती?’ मजुराचा एका दिवसाचा रोज, मी सांगितले. ती म्हणाली, ‘मग शंभर दिसांचा रोज थोडा कसा?’

मी गप्प झालो. केंद्राच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्याने वर्षाला कबूल केले ते कामाचे शंभरच दिवस. ज्या रकमेचा घराला मोठा आधार असतो, तिला मी चिल्लर म्हटले होते. दाखल्यातले दुसरे कर्ज खरे होते, जड होते. म्हणूनच ते सोडणे अवघड होते. मी मात्र ते हलके करून क्षमा स्वस्त केली होती.

पाळक, धर्मगुरू आणि प्रचारक बंधू-भगिनींनो, ‘क्षमेवर काय वाचावे?’ असे आपण अनेकदा विचारता. माझे उत्तर त्या आजीपासून सुरू होते. जव्हार-मोखाड्यात ‘ऋण’ म्हणजे काय, ते आधी वाचा. प्रभूच्या प्रार्थनेत लूक पापांची क्षमा मागतो, मत्तय ऋण सोडण्याची भाषा करतो. इथे दिवाळीच्या आसपास वीटभट्टीवाल्याची उचल घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे ‘जगायला’ जातात. आठवड्याला खर्ची मिळते, हिशेब पावसाच्या तोंडावर होतो आणि उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. ज्यांच्यापुढे आपण ऋणाची गोष्ट सांगतो, त्यांना तिचा अर्थ आपल्याहून जास्त ठाऊक असतो.

म्हणून पहिली शिफारस गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ची. लेखिका कम्युनिस्ट, विषय १९४५ चा वारल्यांचा उठाव. त्यात देवाची शिकवण शोधू नका. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणूस सावकाराचा बांधील कसा होतो, ते पाहा. वेठबिगारीची कर्जे १९७६ च्या कायद्याने रद्दच ठरवली. हे माहीत नसलेल्या उपदेशकाने बांधलेल्या माणसाला ‘मालकाला क्षमा कर’ म्हणू नये.

दुसरे पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. १८९५ मध्ये त्यांचे पती ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार उधळला. लक्ष्मीबाई पुढे नवऱ्याकडे परतल्या, ख्रिस्तीही झाल्या, पण आपल्या वेळेने, भांडत, हसत, सोवळ्याची एकेक गाठ सोडवत. क्षमा एका रात्रीत होत नाही आणि श्रद्धा दुसऱ्याच्या घाईने येत नाही, हे प्रवचनकाराने शिकावे ते या पुस्तकातून.

तिसरे, फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. १६१६ मध्ये छापलेले हे काव्य सगळेच्या सगळे वाचून होणार नाही. पंचवीस-तीस ओव्या मोठ्याने म्हणा. इंग्लंडातून गोव्यात आलेल्या जेझुइटाने ओवी का निवडली, ते कानाला कळेल. पाड्यावर छापील टिपणे वाचून दाखवणाऱ्यांना हा धडा हवाच.

चौथे वाचन वर्तमानपत्री कात्रणांचे आहे. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन मुलांना जाळून मारले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना जाहीरपणे क्षमा केली आणि बारीपदा इथे कुष्ठरोग्यांची सेवा चालू ठेवली. खटलाही चालला, शिक्षाही झाल्या. क्षमा आणि न्याय एकमेकांच्या आड येत नाहीत, हे सांगायला याहून स्वच्छ उदाहरण सापडणार नाही.

क्षमेसोबत श्रद्धेचाही प्रश्न येतोच; तिच्याबद्दल एकच सांगतो. औषध, वह्या, धान्य देताना मनात ‘आता हे सभेला येतील’ असा हिशेब असेल, तर तीही उचलच. स्टॅनिस्लॉस खटल्यात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने धर्म सांगण्याचा हक्क आणि दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क वेगळे ठरवले. पण कोर्टाच्या आधी राजाचाच दाखला आहे: त्याने कर्ज सोडले तेव्हा बदल्यात काही लिहून घेतले नाही.

चूक उमगल्यावर मी हिशेब नीट मांडला. एक तलांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार. म्हणजे दहा हजार तलांतांचे सहा कोटी दिवसांचे रोज. त्यापुढे शंभर दिवस, पण शंभर दिवस खरेच. ते सांगायला त्याच पाड्यावर गेलो, तोवर दिवाळी उलटली होती. दारे ओढून घेतलेली, अंगणात कोंबडी नाही. पाडा जगायला गेला होता. आपण तरी वाचन उरकून पावसाळ्यातच पाड्यावर जा. माणसे घरी असतात ती तेव्हाच.