फॅमिली रूमच्या पडद्याआड

तुमसरहून सिहोऱ्याकडे येताना, किंबहुना महाराष्ट्रातल्या कोणत्याही राज्यमार्गावर, एक पाटी हटकून भेटते : ‘बार अँड फॅमिली रेस्टॉरंट’. मद्यपींची खोली आणि ‘फॅमिली’ची खोली ह्यांच्यामध्ये एक पडदा असतो, फार तर प्लायवुडची भिंत. भटारखाना एकच, मालक एकच, पेले विसळणारी पोरेही तीच. पडद्यामुळे आत जे चालते त्यात तसूभरही फरक पडत नाही. समाधान होते ते पाहुण्याच्या मनाचे. आम्ही भाषा-साहित्य शिकवणारी माणसे. शब्दांची हलवाहलव न्याहाळणे हाच आमचा व्यवसाय, त्यामुळे ह्या पाटीकडे आम्ही वर्षानुवर्षे एक विनोद म्हणून पाहत आलो. आता तो विनोद वाटेनासा झाला आहे. रात्रीच्या करमणुकीवर पोसलेल्या एका अख्ख्या राज्याने तीच पाटी स्वतःच्या वेशीवर लावायला घेतली आहे, आणि आमच्याच जिल्ह्यात गोसीखुर्दच्या पाण्यावर जलपर्यटनाचे बेत चालू असताना तो कित्ता उद्या येथेही गिरवला जाईल, अशी रास्त भीती आम्हांला वाटते.

ते राज्य म्हणजे अर्थात गोवा. विदर्भातल्या घरात तरुण मुलाने ‘मित्रांसोबत गोव्याला चाललो’ म्हटले की वडीलधारे एकमेकांकडे पाहतात. त्या पाहण्यातच गोव्याची सगळी कीर्ती आली. ही कीर्ती पुसण्याचा उद्योग तेथील शासन बरीच वर्षे करीत आहे. गोवा ही भोगभूमी नसून योगभूमी आहे, असे मुख्यमंत्री प्रमोद सावंत ह्यांनी जाहीर व्यासपीठांवरून वारंवार सांगितले. किनाऱ्यांपलीकडचा गोवा, मंदिरांचा गोवा, सहकुटुंब पाहण्याचा गोवा, अशी जाहिरातीची भाषा रुळली. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन किनाऱ्यावर उघड्यावर मद्य पिणे आणि स्वयंपाक करणे दंडनीय ठरले : एकट्यादुकट्याला २,००० रुपये, घोळक्याला १०,०००. ह्या दंडाबद्दल आमची सरसकट तक्रार नाही. वाळूतल्या बाटलीची काच ज्याच्या पायात गेली आहे त्याला तो कमीच वाटेल. परंतु मद्यपानाच्या शेजारी स्वयंपाक येऊन बसला तो कसा, हे पाहण्यासारखे आहे. बस ठरवून, शिधा आणि स्टोव्ह घेऊन येणारे, हॉटेलचा दर न परवडणारे प्रवासी म्हणजे बहुधा आजी-नातवंडांसह आलेली कुटुंबेच असतात. कुटुंबवत्सल होऊ पाहणाऱ्या गोव्याला नकोशी झाली ती नेमकी कुटुंबाची चूल.

आणि मांडवी? १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ साली दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांतील जुगारयंत्रांना वाट करून देण्यात आली, १९९६ साली पाण्यावरच्या जहाजांना. ती जहाजे हलवण्याच्या घोषणा होतात, आणि मग मुदतवाढ होते. २०२० च्या फेब्रुवारीपासून गोमंतकीयांना मात्र ह्या कॅसिनोंत खेळण्यास मनाई आहे. ह्या एका नियमात आम्हांला सगळ्या धोरणाचा अर्थ सापडतो. जुगाराने घर बुडते हे शासनाला ठाऊक आहे, म्हणून त्याने आपल्या मतदारांची घरे वाचवली. नागपूरच्या, बेळगावच्या, हैदराबादच्या माणसाचे घर बुडण्यास त्याची हरकत नाही. काही जहाजांवर मुलांसाठी खेळण्याची खोलीही असते. आईबाप वरच्या मजल्यावर पत्ते लावीत असताना लेकरू खाली चेंडूंच्या हौदात खेळते, आणि ह्यालाच सहकुटुंब पर्यटन म्हणायचे!

लास वेगासने हा प्रयोग आधीच करून पाहिला आहे. १९९३ साली तेथे एका बड्या जुगारगृहाने लहान मुलांसाठी करमणूक उद्यान उघडले, दुसऱ्याने दारासमोर चाच्यांची लढाई मांडली. लेकुरवाळे लोक आले, पण पैसा फड लावणाऱ्यांकडूनच येत राहिला. दहा वर्षांत उद्यान गेले, चाच्यांच्या जागी तोकड्या वस्त्रांतल्या जलपऱ्या आल्या, आणि येथे घडते ते येथेच राहते, अशा अर्थाची जाहिरात शहराने अभिमानाने मिरवली. त्या निर्लज्जपणात निदान सचोटी होती, असे म्हणण्याचा मोह आम्हांला होतो.

६ डिसेंबर २०२५ च्या रात्री गोव्यातील हडफडे येथे एका नाइटक्लबला आग लागली आणि २५ माणसे मेली. त्यांपैकी बहुतेक तेथे कामाला होती. दूरच्या राज्यांतून आणि नेपाळातून आलेली. अनेकजण खालच्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या बाजूला, धुराने गुदमरून गेले. त्यानंतर परवाने, बांधकामाची वैधता, बाहेर पडण्याच्या वाटा ह्यांची चर्चा झाली, अटका झाल्या. त्याचबरोबर जुना सूरही पुन्हा लागला : हे क्लब गोव्याच्या संस्कृतीत बसत नाहीत. आमचा आक्षेप नेमका ह्या सुराला आहे. ती माणसे संस्कृतीच्या अभावी मेली नाहीत, वाटेच्या अभावी मेली. प्रश्न तपासणीचा होता, तो चारित्र्याचा करून टाकला की तपासनीस सुटतो. ‘कौटुंबिक’ ह्या विशेषणाचे खरे कार्य हेच आहे, असे आमचे म्हणणे आहे. परवाना देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची जबाबदारी उचलून ते ती पाहुण्याच्या नीतीवर किंवा नाचणारीच्या अंगावर ठेवते. शिवाय ह्या विशेषणातले कुटुंब नेहमी गिऱ्हाइकाचे असते. मध्यरात्री कांदा चिरणाऱ्या पोरालाही आई असते, बहीण असते. त्या कुटुंबासाठी कोणता किनारा ‘फॅमिली-फ्रेंडली’ झाला?

कळंगुट-हणजूणच्या रहिवाशांना ह्या उपरोधात ओढू नये. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवता येत नाही, आणि तरी पहाटेपर्यंत ज्यांच्या खिडक्यांची तावदाने थरथरतात त्यांचा संताप खराच आहे. पण ते मागत आहेत झोप, आणि आहे त्या नियमाची अंमलबजावणी. त्यांना उत्तर म्हणून मिळते योगभूमी.

हे सारे मराठी मुलखाला नवे नाही. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर ह्यांच्या सरकारने तमाशावर बंदी आणली, आणि मग तो ‘सुधारण्यासाठी’ दत्तो वामन पोतदार ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. वगाच्या संहिता आधी तपासून घ्याव्या लागल्या, ‘तमाशा’ शब्दाला ‘लोकनाट्य’ असे सोवळे नेसवण्यात आले. (आमचा भंडारा जिल्हा तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात असल्याने आमची दंडार आणि खडी गंमत ह्या शुद्धीतून वाचली, प्रांतरचनेचे उपकार असेही असतात.) सुधारणेच्या ह्या नाटकात तमासगीर स्त्रीच्या जातीचा आणि पोटाचा प्रश्न बाजूला राहिला. अश्लीलतेचा हा शिक्का दलित स्त्रियांवर कसा बसत गेला, हे शैलजा पाईक ह्यांनी २०२२ च्या ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ ह्या ग्रंथात विस्ताराने मांडले आहे. मराठी विभागांत तो अद्याप पुरेसा वाचला गेलेला नाही.

आणि विभागांचा विषय निघालाच आहे तर आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. होनाजी बाळा हा लावणीकार. फडावरचा, रात्रीचा कवी. मध्यमवर्गीय घराने त्याला एका भूपाळीपुरता आत घेतला, १९५१ च्या ‘अमर भूपाळी’ चित्रपटाने त्यावर मोहोर उठवली, आणि आम्ही मास्तरांनी रात्रीच्या कवीला पहाटेचा करून वर्गात आणला. बाकीचा होनाजी ‘शृंगारिक’ ह्या खणात कुलूपबंद. पाठ्यपुस्तक हीसुद्धा एक फॅमिली रूमच आहे, आणि तिचा पडदा सांभाळण्याचे वेतन आम्ही घेत आलो.

२००५ साली महाराष्ट्राने डान्स बार बंद केले. तरुण पिढी आणि संसार वाचवणे हा तेव्हाचा घोष होता. पण कायद्याने तीन तारांपासून वरची हॉटेले वगळली होती. नाच तोच, गिऱ्हाइकाच्या खिशाचे वजन वाढले की तो कुटुंबाला धोकादायक राहत नव्हता. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय उचलून धरला. मधल्या आठ वर्षांत ज्या बायांचे उत्पन्न गेले त्यांची मुले कोणत्या शाळेतून निघाली, हे विचारण्याची गरज कुटुंबाच्या कैवाऱ्यांना वाटली नाही.

आता आमच्याकडे. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, रात्री दंडार किंवा नाटक. रात्री दहाला सुरू झालेले नाटक पहाटे संपते, आणि मांडीवर पोर, अंगावर गोधडी घेऊन बाया शेवटच्या अंकापर्यंत बसून असतात. ह्या रात्रीवर कोणी ‘फॅमिली’ची पाटी लावली नव्हती. नाचणारा, ढोलकी वाजवणारा आणि पाहणारा ही एकमेकांच्या ओळखीची माणसे होती, त्यामुळे लाज आणि मोकळीक ह्यांचा हिशेब गाव आपसांत करीत असे. तो नेहमी न्याय्य होता असा आमचा दावा नाही, विशेषतः बायकांच्या बाबतीत. पुढे ‘डान्स हंगामा’ आला. २०२३ च्या नोव्हेंबरात आमच्याच तालुक्यातील नाकाडोंगरीच्या मंडईतल्या अशा एका कार्यक्रमाची चित्रफीत पसरली, गुन्हे दाखल झाले, वर्तमानपत्रे भरली. तेव्हापासून ‘कौटुंबिक मंडई’ हा शब्द आमच्याही कानी पडू लागला आहे.

त्या हिवाळ्यात आम्ही पदवीच्या वर्गाला ‘मंडईतील बदलती करमणूक’ ह्या विषयावर लिहायला सांगितले होते. बहुतेकांनी संस्कृतीच्या ऱ्हासावर दोन-दोन पाने भरली. एका मुलीने मात्र दुसऱ्याच एका गावच्या हंगाम्यात रंगमंचामागे जाऊन नाचणाऱ्या बायांशी बोलून घेतले होते : रात्रीत दोन गावे होतात, जेवण पहाटे मिळते, पैसे ठेकेदार देईल तेव्हा, आणि एकीचे सहा महिन्यांचे बाळ गाडीत चालकाजवळ झोपवलेले असते. तिने नृत्याबद्दल एक वाक्यही लिहिले नव्हते. आम्ही समासात शेरा मारला, ‘विषय सोडून’, आणि गुण कापले. ते गुण नंतर आम्ही तिला परत दिले. पण तोवर निकाल लागून गेला होता.