घरोघरचे प्रश्न : थोड्या वेळची वर्दी

चोरी झाली कीं पोलिसाची आठवण व्हावी आणि मिरवणुकींत त्यानें अडविलें कीं त्याचाच राग यावा, ही आपणां सुशिक्षितांची जुनी रीत आहे. आळीची राखण हें आपलेंही काम आहे, असें मात्र क्वचितच कोणाच्या मनांत येतें. म्हणून या महिन्यांत आम्ही होमगार्ड, म्हणजे गृहरक्षक दलाविषयीं लिहीत आहों.

या दलाचा जन्म आपल्याच प्रांतांतला. १९४६ सालीं जातीय दंगली उसळल्या असतां पोलिसांच्या मदतीस ६ डिसेंबर रोजीं मुंबई प्रांतांत नागरिकांचें हें दल उभें राहिलें. मोरारजी देसाई तेव्हां प्रांताचे गृहमंत्री होते. १९४७ सालीं त्यासाठीं कायदा झाला. आणि १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर देशभर असें दल एकाच नमुन्यानें असावें, असें ठरलें.

गृहरक्षक आपला धंदा सांभाळून कवायत व प्रथमोपचार शिकतो. गणेशोत्सव, निवडणूक, पूर अशा प्रसंगीं बोलावणें आलें कीं तो वर्दी चढवितो. कामावर असतांना कायद्यानें त्यास पोलिसाचे अधिकार व संरक्षण असतें. काम संपलें कीं तो पुन्हां आपला साधा शेजारी. दलांत स्त्रियाही आहेत. पगार नाहीं, कामाच्या दिवसाचा भत्ता तेवढा. ‘निष्काम सेवा’ हें दलाचें ब्रीद.

खरी अडचण येथेंच आहे. पोटापाण्याची सोय असणारांनीं सवडीनें करावें म्हणून जें काम निघालें, त्याच्या भत्त्यावरच आज अनेकांची चूल पेटते. बोलावणें आलें नाहीं कीं त्या घरीं हात आंखडतो. हें गाऱ्हाणें सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. हिमाचल प्रदेश व इतर राज्यांतील गृहरक्षकांच्या प्रकरणांत २०१५ सालीं न्यायालयानें त्यांस कायम नोकर मानण्यास नकार दिला. परंतु तीस दिवसांचा भत्ता पोलिसाच्या किमान मासिक वेतनाइतका भरावा, अशा बेतानें तो द्यावा, असें सांगितलें.

निर्णय न्याय्यच आहे. पण ज्यांना भत्त्याची गरज नाहीं ते कोठें आहेत? वडील मंडळी म्हणतात, “शिकल्यासवरल्या मुलानें चौकांत काठी घेऊन कां उभें राहावें?” आम्ही विचारतों, दुसऱ्याच्या मुलानें तरी आपल्यासाठीं कां उभें राहावें? एकत्र कुटुंबांत एकाचें काम दुसरा उचलूं शकतो. ही सवड विभक्त संसारास नाहीं. तिचा उपयोग शेजाऱ्यांस होऊं नये काय?

एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. अधिकार थोड्या वेळचा असला तरी त्याचा ताठा दिवसभर टिकतो. ओळखीच्यांस सोडावें आणि अनोळख्यास दटावावें, हा मोह ज्यास आवरत नाहीं त्यानें या वाटेस जाऊं नये. आपल्याच पुतण्याची गाडी अडवून त्यास परत फिरविण्याचें धैर्य ज्याच्या अंगीं असेल, त्यानें अवश्य जावें. आणि घरच्यांनीं त्या रात्रीं त्याच्यावर रुसूं नये.