सोफा २६ हजारांचा, मांजर फुकटची

सोमवारी लंचला टीममधल्या एकानं प्रश्न टाकला, "यार, मांजर सोफा ओरबाडते. कसं थांबवायचं?" झालं. दहा मिनिटांत सात जणांनी नऊ उपाय सांगितले. तोंडावर पाण्याचा फवारा मार. पेपरची गुंडाळी करून जोरात आपट. सोफ्यावर लिंबूपाणी शिंपड. आणि एक महाभाग छातीठोकपणे म्हणाला, "नखं काढून टाकायचं ऑपरेशन असतं, सकाळी नेलं की संध्याकाळी घरी."

मी गप्प बसून डबा खाल्ला. पण आठवडाभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून आज शनिवारी लिहायला बसलोय. ज्यांना फक्त टिप्स हव्या आहेत त्यांनी सरळ खाली जावं, मिळतील. पण आधी मला थोडं भांडायचंय.

आपल्या धंद्यात एक नेहमीचा प्रकार आहे. क्लायंट म्हणतो, "हे बंद करा." आपण बंद करतो. मग कळतं की त्याच्यावरच बाकी सगळं चालत होतं. मांजरीच्या ओरबाडण्याचं अगदी तसंच आहे. ती उगाच खोडी काढत नसते. तिच्या नखावर एक बाहेरचं टरफल असतं, ते जुनं झालं की ओरबाडून निघतं आणि आतलं टोकदार नख मोकळं होतं. (सोफ्याखाली कधीतरी चंद्रकोरीसारखं पांढरट टरफल सापडतं ना? तेच.) झोपून उठली की पुढचे पाय उंच रोवून ती पाठ आणि खांदे ताणते. आणि तिच्या पंजात गंधग्रंथी असतात. ओरखड्याबरोबर तिचा वास तिथे राहतो. आपण दारावर नावाची पाटी लावतो, तसंच. आता मला सांगा, यातलं काय 'थांबवायचं'?

माझं हे ज्ञान उपजत नाही. किंबहुना मी स्वतः या प्रकरणात चांगलाच दोषी आहे. सांगतो.

आमचं घर नेरचं. यवतमाळ-अमरावती रस्त्यावरचं नेर परसोपंत. (पुण्यात नेर म्हटलं की लोक 'पारनेर का?' विचारतात. नाही.) २०१८ पर्यंत तिथे आमचं मातीच्या भिंतींचं, कौलारू घर होतं. ओसरीला चार सागवानी खांब. यवतमाळ जिल्हा म्हणजे सागवानाचाच, त्यामुळे त्याचं कोणाला कौतुक नव्हतं. त्यातल्या एका खांबावर गुडघ्यापासून कमरेपर्यंत बारीक बारीक चिरा होत्या, इतक्या की लाकूड तिथे केसाळ झालं होतं. लहानपणी मला वाटायचं खांब जुना झाला की असा होतो. आता कळतं की आजीच्या काळापासून आमच्या घरातल्या प्रत्येक मांजरीनं तिथे नखं घासली. तीसेक वर्षं तरी. आणि कोणी एका शब्दानं बोललं नाही, कारण खांबाला कोणी 'फर्निचर' म्हणत नव्हतं.

मग घर पाडलं. स्लॅब आला, चकचकीत टाइल्स आल्या, अॅल्युमिनियमच्या खिडक्या आल्या. धान्याच्या कणगीची जागा पत्र्याच्या कोठीनं घेतली, म्हणजे उंदीर गेले आणि मांजरीची नोकरीपण गेली. खांब लाकूडवाल्याला विकले. घरात नख रुतेल अशी एकही वस्तू उरली नाही. आणि अशा या घरात मी, बोनस मिळाल्याच्या उत्साहात, अमरावतीहून कापडी सोफा पाठवला. २६ हजारांचा. जाडसर विणीचा, जड, जागचा न हलणारा. मांजरीला विचारून घेतला असता तरी यापेक्षा बरा मिळाला नसता :-)

मनीनं तीन आठवड्यांत त्याचा उजवा हात उसवला.

बाबा निवृत्त शिक्षक. त्यांचा उपाय एका वाक्याचा होता. "पोत्यात टाकून बडनेऱ्याच्या तिकडं सोडून येतो." आमच्याकडे मांजरीचा हा सर्वमान्य उपाय आहे. पोत्यात यासाठी की तिला परतीचा रस्ता दिसू नये. आईनं विरोध केला, पण तो असा, "अन् उंदरं झाले मंग? थांबा जरासे." म्हणजे मनीला मुदतवाढ मिळाली ती न आलेल्या उंदरांच्या कृपेनं.

मी शहरात राहणारा, शिकलेला, संवेदनशील वगैरे. मी काय केलं? पुण्यातल्या एका प्राण्यांच्या डॉक्टरला फोन केला. ते म्हणाले, "हो, करून देतो. भूल देऊन, मुळापासून. पुन्हा त्रास नाही." मी तारीखसुद्धा विचारली. सुट्टीत मनीला गाडीत घालून आणायचं असं मनात ठरवलं होतं. मग रात्री सहज वाचायला बसलो की 'मुळापासून' म्हणजे नेमकं काय.

मांजरीचं नख आपल्यासारखं कातडीतून उगवत नाही. ते बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवतं. ते कायमचं काढायचं तर ते हाडच काढावं लागतं. म्हणजे पुढच्या दोन पायांची दहा बोटं शेवटच्या पेरापासून छाटायची. आपल्या बोटांची टोकं पहिल्या सांध्यापासून उडवली तर जे होईल ते. आणि मांजर चालते ती बोटांवर. यापुढे तिनं आयुष्यभर त्या छाटलेल्या बोटांवर चालायचं. पंजा दुखतो म्हणून वाळूच्या ट्रेमध्ये जाणं सोडणं आणि नखं नाहीत म्हणून चावायला लागणं, हे नंतर पुष्कळ मांजरींत दिसतं. तेव्हा सोफा वाचतो आणि गादी जाते. नेरसारख्या ठिकाणी तर गल्लीत कुत्री आहेत, आणि मांजर झाडावर चढते ती नखांनी.

फोनवर 'हाड' हा शब्द एकदाही आला नव्हता. मीही विचारला नव्हता, हे खरं.

इंग्लंडमध्ये २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यापासून हे बंद आहे. अमेरिकेत हा प्रकार वर्षानुवर्षं राजरोस चालत आला. तिथे वेस्ट हॉलीवूड शहरानं २००३ मध्ये बंदी घातली आणि राज्य म्हणून पहिली बंदी यायला २०१९ उजाडलं, न्यूयॉर्कची. आपल्याकडे? १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये नखांचं नाव नाही, पण प्राण्याचा अवयव छाटून त्याला विद्रूप करणं हा गुन्हा आहे. आणि गंमत बघा, त्याच कलमात अजून एक गुन्हा आहे: तहान-भुकेनं हाल होतील अशा ठिकाणी विनाकारण प्राण्याला सोडून देणं. म्हणजे बाबांचं पोतं आणि माझं ऑपरेशन, दोन्ही एकाच कलमात शेजारी शेजारी. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. सोफ्याची डिलिव्हरी त्याच्या कितीतरी पट महाग पडली होती.

मला राग येतो तो इथे. बाबांना मी 'क्रूर' म्हणून ऐकवलं होतं, फोनवर, मोठ्या आवाजात. त्यांचा उपाय पोत्यातला म्हणून गावठी आणि माझा निर्जंतुक केलेल्या टेबलावरचा म्हणून सुसंस्कृत? पोत्यातली मांजर निदान बोटं घेऊन तरी जाते.

आता तुम्ही म्हणाल, भाषण सोपं आहे, घर भाड्याचं आहे, डिपॉझिट घरमालकाकडे अडकलंय, सोफ्याचे हप्ते चालू आहेत. मान्य. मी काही 'सोफा फाडू द्या, प्रेम करा' म्हणणारा नाही. सोफा मलाही हवाय. पण प्रश्न बदला. 'कसं थांबवू' याला उत्तरच नाही. 'कुठे ओरबाडू देऊ' याला आहे, आणि ते स्वस्त आहे.

आम्ही काय केलं ते सांगतो. मागच्या टिनाच्या शेडमध्ये त्या चार खांबांतला एक तुकडा उरला होता, साधारण साडेतीन फुटांचा. सुताराकडून त्याला खाली जड फळी ठोकून घेतली. वर सोयाबीनचा रिकामा बारदाना घट्ट गुंडाळून खिळे मारले, खिळ्यांची डोकी आत. (हो, हेच ते बाबांनी काढून ठेवलेलं पोतं.) काथ्याचा सुंभ गुंडाळला तरी चालतो. दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, तो हलता कामा नये. दोन, मांजर पूर्ण ताणली तरी वर उरला पाहिजे, म्हणजे तीन फूट तरी हवा. दुकानात मिळणारे ते दीड फुटाचे गुलाबी खांब नख लावलं की डुगडुगतात. मांजर एकदा हात लावते आणि शहाण्यासारखी सोफ्याकडे परत जाते. मग आपण म्हणतो, तिला कळत नाही!

खरं भांडण झालं ते जागेवरून. आईचं म्हणणं, खांब मागच्या अंगणात ठेव. "बैठकीत हे काय लावून ठेवलं, लोक येतात नं बाप्पा!" पण मांजर जिथे झोपते, जिथून ये-जा करते, जिथे माणसं बसतात, तिथेच तिला पाटी लावायची असते. मागच्या अंगणात तुम्ही तुमच्या नावाची पाटी लावता का? शेवटी खांब सोफ्याच्या उजव्या हाताला खेटून उभा राहिला. उसवलेल्या हातावर महिनाभर जाड प्लॅस्टिक ताणून बांधलं, त्यावर नख रुतत नाही. तिनं खांबाला नखं लावली की तिथल्या तिथे सुकटाचा एक तुकडा. पंजे धरून जबरदस्तीनं घासायला लावायचं नाही, त्यानं ती त्या वस्तूलाच घाबरते. आणि दर दोन-तीन आठवड्यांनी नेलकटरनं नखाचं फक्त टोक. आतला गुलाबी भाग दिसतो, त्यात रक्तवाहिनी असते, तिथवर जायचं नाही. पहिल्यांदा एका वेळी दोनच नखं झाली. चालतं.

पाण्याच्या फवाऱ्याबद्दल एकच सांगतो. त्यानं मांजर एवढंच शिकते की तुम्ही घरात असताना ओरबाडायचं नाही. तुम्ही ऑफिसला गेलात की मोकळं रान. वर तुम्हाला बघून पळायला लागते ते वेगळं.

मनीला खांबावर यायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी बाबांनी फोन करून कळवलं, माझं नाव न घेता, आईला सांगितल्यासारखं, "ते जुनं लाकूड कामात आलं म्हणा पोराले." बाकीचे तीन खांब विकल्याचं त्यांना आता वाईट वाटतंय. मला काल विचारत होते, लाकूडवाल्याकडे अजून असतील का.

सोफ्याचा उजवा हात तसाच आहे. आईनं त्यावर टॉवेल टाकलाय. पाहुणे आले की ती स्वतः तिथे बसते.