सेवा कसली? इर्जिक घाला!



बैठकीहून रात्री उशिरा घरी पोचलेल्या कार्यकर्त्याला एक प्रश्न ठरलेला असतो : 'गावाची कामं करून तुम्हाला मिळतं काय?' आपण समाजसेवा, त्याग असे काहीतरी पुटपुटतो आणि जेवायला बसतो. हे उत्तर खोटे आहे. आपल्याला मिळते, भरपूर मिळते, आणि ते उघड सांगण्यात लाज कसली?

एक अनुभव सांगतो. एका गावात कर्ता माणूस गेला. आम्ही पाच-सहा जण भेटायला गेलो. सांत्वन केले, सरकारला दोन शिव्या घातल्या, फोटोही निघाला. उठताना घरातली म्हातारी म्हणाली, "समदं खरं बाबा, पन वाफसा झालाय. तिफण कोन धरील?" आमच्यापैकी एकाकडेही उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी दोन तिफणी घेऊन पुन्हा गेलो. दिवस मावळायच्या आत ज्वारी पेरून झाली, कपाशी लावून झाली. त्या रात्री जी झोप लागली, ती कुठल्याही सभेतल्या टाळ्यांनंतर लागलेली नव्हती.

'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणणारी आपली चळवळ. शेतकऱ्याचा माल मातीमोलाने न्यायचा आणि मग त्याच्याच दारात मदतीच्या पिशव्या वाटायच्या, हा दानधर्माचा देखावा आपण ओळखून आहोत. दानात एक हात वर असतो, एक खाली. खालच्या हाताला कमीपणा येतो आणि वरच्या हाताला माज. समाधान दोघांनाही मिळत नाही.

इर्जिकीची गोष्ट वेगळी. एखाद्याची नांगरट मागे पडली, बैल बसला, घरात दुखणे आले, की गावातल्या जोड्या एका दिवसासाठी त्याच्या रानात उतरत. त्याने फक्त जेवण घालायचे. आज तो, उद्या आपण. इथे कोणी दाता नाही, कोणी याचक नाही. आपल्या हाताची गरज कोणालातरी आहे आणि आपल्या अडचणीला कोणीतरी येणार आहे, या दोन्ही गोष्टींची खात्री म्हणजेच ते समाधान. ते भाषणातून मिळत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा गावात शिरले की आधी झाडू हातात घेत. कीर्तन संध्याकाळी. हा क्रम आपण उलटा केला, म्हणून आपल्या बैठका ओस पडू लागल्या.

वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातले काकडदरा हे कोलाम आदिवासींचे छोटेसे गाव. २०१७ च्या वॉटर कप स्पर्धेत ते राज्यात पहिले आले. पहिले बक्षीस एकालाच मिळते. पण त्या वर्षांत भर उन्हाळ्यात बांध घालायला कुदळ-फावडे घेऊन उतरलेल्या, बक्षीस न मिळालेल्या गावांतल्या माणसांना विचारा. वर्षानुवर्षे एकमेकांच्या धुऱ्यावरून भांडणारे एका ओळीत उभे राहून टोपली पुढे देत होते. पाणी किती अडले ते पावसावर. ओळ मात्र त्यांची स्वतःची होती.

आता दुसरी बाजू. शेततळ्याने कापसाला भाव मिळत नाही. श्रमदानाच्या नावाखाली सरकार आपली जबाबदारी झटकणार असेल, तर त्याला तिथेच अडवले पाहिजे. आणि आपल्यातही खोट आहे. बांध घालायला भूमिहीन मजूर आला, पाणी मात्र विहीरवाल्याच्या विहिरीत उतरले, असे घडले आहे. पन्नास माणसांच्या भाकरी बायांनी थापल्या, आणि आभाराच्या यादीत एकीचेही नाव नाही, हेही घडले आहे. ज्याचा दिवस बुडाला त्याचा हिशेब न ठेवणारी सेवा म्हणजे फुकटची वेठ. इर्जिक टिकली होती, कारण तिच्यात फेड होती.

म्हणून आमचे सांगणे असे. यंदा मृगाच्या आधी प्रत्येक गावच्या शाखेने बसून यादी करावी : कर्ता गेलेले घर, दुखणेकऱ्याचे घर, एकट्या बाईचे घर. ज्याच्याकडे बैल आहेत त्याने बैलांचा एक दिवस द्यावा, ट्रॅक्टर असेल त्याने ट्रॅक्टरचा. डिझेल सगळ्यांनी वाटून घ्यावे. मजुरावर पोट असलेल्याची रोजी बुडवू नये. तो आला तर त्याच्या घरच्या कामाला आपण जावे. स्वयंपाकाचा दिवस हाही कामाचाच दिवस म्हणून वहीत लिहावा. आणि फोटो काढू नये.

कोणी म्हणेल, याने आंदोलन मागे पडेल. आम्हाला उलट दिसते. शेजाऱ्याच्या पेरणीला जो आला नाही, त्याच्या हाकेला रस्ता रोकायला कोण येणार? भावाची लढाई लांबची आहे, ती लढायचीच आहे. पण लांबच्या लढाईला माणूस टिकतो तो रोजच्या सोबतीवर.

पुढच्या बैठकीला येताना भाषण आणू नका. वही आणा. आणि घरी प्रश्न विचारला गेला, तर वही दाखवून सांगा, की हे मिळतं.