शेगडीची ऊब आणि हीटरचे बिल

पौषात मन्याड खोऱ्यातील गारठा हाडांत शिरू लागला, की आजी-आजोबांची खोली कमी खर्चात उबदार कशी ठेवावी, असा प्रश्न कंधारच्या घरोघरी पडतो.

२००० वॅटचा हीटर सतत चालला, तर तासाला २ युनिट वीज लागते. रात्रीच्या ८ तासांत १६. एवढे बिल परवडत नाही, म्हणून कोळशाची शेगडी खाटेजवळ ठेवून दारे-खिडक्या बंद केली जातात. वाचकहो, ही काटकसर जीवघेणी आहे. धगधगत्या निखाऱ्यांना धूर नसला, तरी त्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला जाग येण्यापूर्वीच तो बेशुद्ध करतो. शेगडी अंगणातच शोभते. बंद खोलीत कुणाचे डोके जड झाले, मळमळू लागले, तर रुग्णास तत्काळ मोकळ्या हवेत आणून रुग्णालयात न्यावे.

खोली तापवण्यापेक्षा अंथरूण तापवणे स्वस्त. १०० वॅटची विजेची चादर निजण्यापूर्वी तासभर लावून बंद केली, तर युनिटचा दहावा हिस्सा खर्च होतो. जुन्या लुगड्यांची गोधडी, कानटोपी, पायमोजे यांना तेवढाही नाही! गरम पाण्याची पिशवी मात्र निजताना अंथरुणातून काढून घ्यावी. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना रात्री चटका जाणवत नाही. फोड दिसतो तो सकाळी.