हेच आग्रहाचे निमंत्रण

न बोलावता येणाऱ्या माणसांबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. चाळीत वाढलेल्या माणसाला ती परवडतही नाही. आमच्या दारावर बोहारीण आली, कल्हईवाला आला, पहाटे वासुदेव आला, आणि "काकू, घेऊ नका, नुसतं बघून तर घ्या" म्हणत साबणाचा चुरा विकणारा, गळ्यात टाय आवळलेला घामाघूम तरुणही आला. पण या साऱ्या मंडळींमध्ये एक समजूतदारपणा होता. 'नको' म्हटलं की ती पुढच्या दाराकडे वळत. बोहारीण फार तर आणखी एक भांडं पुढे करी. शिवाय तीन जिने चढून येण्याचे कष्ट तिचे असत. कष्ट विकणाऱ्याचे आणि 'नको' म्हणण्याचा हक्क घरच्यांचा, हा बाजाराचा फार जुना करार आहे.

ईमेलवाल्यांनी तो करार उलटा करून टाकला. आता विकणारा जागचा हलत नाही, आणि 'नको' म्हणण्यासाठी जिने आपण चढायचे!

रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन मी इनबॉक्स उघडतो. वीस-बावीस पत्रं आलेली असतात. कुणी मला डोंगरउतारावरचा बंगला देऊ करतो, कुणी टकलावर केस रोवून देतो, कुणाला मला तातडीने कर्ज द्यायचं असतं. एवढी आपुलकी माझ्या सख्ख्या चुलत्यांनीही कधी दाखवली नाही! या गर्दीत सतराव्या नंबरावर, अंग चोरून, विजेचं बिल उभं असतं.

या उद्योगाचा आद्य पुरुष इतिहासाला ठाऊक आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या एका विक्रीबहाद्दराने अर्पानेट या तेव्हाच्या सरकारी जाळ्यावरच्या सुमारे चारशे लोकांना नव्या संगणकांची जाहिरात एका फटक्यात पाठवली. लोक संतापले, वरून कानउघाडणी झाली. पण त्या पत्राने माल मात्र खपला, असं त्या गृहस्थांनी पुढे सांगितलं. झालं! जगाने कानउघाडणी विसरून माल तेवढा लक्षात ठेवला. या पत्रांना 'स्पॅम' हे नाव मिळालं ते डबाबंद मांसावरून. १९७० साली मॉन्टी पायथन मंडळींनी ब्रिटिश टेलिव्हिजनवर एक प्रहसन केलं. त्यातल्या खानावळीत काहीही मागा, ताटात स्पॅम हे असायचंच.

पण नुसता पत्रांचा मारा हा अर्धाच गुन्हा झाला. उरलेला अर्धा गुन्हा म्हणजे यादी. एका कामासाठी घेतलेला पत्ता दुसऱ्याच्या हवाली करणं.

हा गुन्हा रंगेहाथ पकडण्याची एक युक्ती वाचकांना सांगून ठेवतो. जीमेलसारख्या सेवेत आपल्या पत्त्यातल्या नावापुढे अधिकचं चिन्ह टाकून हवा तो शब्द जोडता येतो. पत्र येतं आपल्याच इनबॉक्सात, पण कुठल्या वाटेने आलं ते कळतं. मध्यंतरी चष्मा करायला टाकला तेव्हा "सर, बिल ईमेलवरच येतं" असं काउंटरवरच्या मुलाने सांगितलं. मी पत्त्याला 'चष्मा' जोडून दिला. तीन आठवड्यांत 'चष्मा' या पत्त्यावर बंगलेवाला आणि केशरोपणवाला दोघेही हजर! मी दुकान गाठलं.

"अहो काका, आम्ही कशाला कुणाला पत्ता देऊ?" मालक म्हणाले.

"मग बंगलेवाल्याला माझा चष्मा दिसला कसा?"

"ते सिस्टिमचं असतं, काका."

"सिस्टिम कुणाची?"

"ती वरून येते."

मी वर पाहिलं. वर पंखा होता.

"आणि पावतीच्या मागे छापलंय की सगळं," असं म्हणून त्यांनी पावती उलटी केली. तिथे तांदळावर कोरावं तशा अक्षरांत मजकूर होता : 'आमच्या निवडक भागीदारांकडून उपयुक्त माहिती मिळण्यास ग्राहकाची संमती आहे.' पुढे बरोबरची खूणही छापूनच आलेली. ही अक्षरं वाचायला जो चष्मा लागतो, तो मला त्या पावतीनंतर आठ दिवसांनी मिळणार होता!

याला हे लोक संमती म्हणतात. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांचे पत्ते एखाद्या बाईने साडीवाल्याला विकले, तर उभ्या वाड्यात तिला कुणी पुन्हा वाण देणार नाही. दुकानदाराने केलं की त्याचं नाव 'मार्केटिंग'.

बरं, यादीतून नाव काढावं म्हटलं तर तो सोहळा निराळाच. पत्राच्या तळाशी करड्या, पुसट अक्षरांत 'अनसबस्क्राइब' असतं. त्यावर टिचकी मारली की पान उघडतं आणि गहिवरून म्हणतं, 'तुम्ही आम्हाला सोडून चाललात!' अहो, पण मी आलो होतो कधी? मग कारण विचारतात. पाच पर्याय असतात; त्यांत 'मी तुम्हाला ओळखत नाही' हा नसतो. पुढे पासवर्ड मागतात, तोही मी कधीच न उघडलेल्या खात्याचा. वैतागून उलट टपाली उत्तर लिहावं, तर पाठवणाऱ्याचं नावच मुळी 'नो-रिप्लाय'! म्हणजे यांनी आमच्या घरात येऊन बोलायचं, आणि आम्ही तोंड उघडलं की यांच्या कानांत बोळे.

शेवटी आश्वासन मिळतं, 'आपलं नाव दहा दिवसांत कमी होईल.' हे दहा दिवस अमेरिकेच्या २००३ च्या कायद्यातले; कामकाजाचे दहा दिवस. लाखभर पत्रं चुटकीसरशी धाडणाऱ्या यंत्राला एक नाव खोडायला दहा दिवस! आमचा वाणी उधारीतलं नाव एका रेघेत कापतो. २०२४ साली गूगल आणि याहू यांनी घाऊक पत्रवाल्यांना बजावलं, की एका टिचकीत नाव काढण्याची सोय ठेवा आणि दोन दिवसांत काढा. तेव्हा ते जमू लागलं. म्हणजे जमत होतंच, करायचं नव्हतं.

आपल्याकडे नको असलेल्या फोनसाठी आणि एसएमएससाठी १९०९ हा नंबर तरी आहे. ईमेलला तेवढाही वाली नाही. २०२३ साली व्यक्तिगत डेटाच्या रक्षणाचा कायदा झाला. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे, असं त्यात लिहिलं आहे. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि मुख्य कलमांना त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत. तोवर बंगलेवाल्याची निदान पाचशे पत्रं होतील.

"एवढं काय मनावर घेता? खोडून टाकायचं. बोटाचं तर काम!" असं आमच्या घरातूनच मला ऐकवलं जातं. पण आमच्या वरच्या मजल्यावर एक आजोबा राहतात. त्यांना रोज वीस पत्रं 'तातडीचे! आजच शेवटचा दिवस!' म्हणून ओरडतात, आणि ही वीसही म्हणे सभ्य कंपन्यांची. एकविसावं पत्र त्याच वेशात, त्याच आवाजात चोराचं येतं. आजोबांनी ते ओळखायचं कशावरून? सभ्य माणसांनी चोरासारखं वागायचं ठरवलं की चोराचं निम्मं काम होतं. म्हणून मी आजोबांना सांगून ठेवलंय : कंपनी ओळखीची असेल तरच नाव काढायच्या फंदात पडा. अनोळखी पत्रातल्या कशालाही बोट लावू नका. तिथे 'अनसबस्क्राइब' दाबणं म्हणजे घरात माणूस आहे हे चोराला आतून ओरडून सांगणं. ते पत्र सरळ स्पॅममध्ये ढकलायचं.

व्यापाऱ्यांनी पोट भरू नये असं कोण म्हणतो? भरा की! साधा रस्ता आहे. पत्ता मिळाला की एकच पत्र पाठवून विचारा, 'तुम्हाला आमची पत्रं हवीत का?' 'हो' आलं तर खुशाल लिहा. उत्तर नाही आलं, तर ते 'नाही' समजून नाव खोडा. आणि तो पत्ता दुसऱ्याच्या हातात देऊ नका. हे न परवडणाऱ्या धंद्याला ग्राहक नको आहे, सावज हवं आहे.

लग्नपत्रिकेच्या तळाशी 'हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे' असं छापतात, हे मलाही माहीत आहे. पण महाराज, ते यजमानाने छापायचं असतं. पाहुण्याने स्वतःच छापून, स्वतःलाच पाठवून, वर भागीदारांसह पंगतीला येऊन बसायचं नसतं!